कंदीलवालीची सावली

जिथे काळे भरायचे असेल तिथे ताई पेन्सिलीने एक बारीक फुली काढून ठेवत असे. कोटाच्या घडीत फुली, उघड्या दाराच्या पलीकडे फुली, जिन्याच्या पोटात दोन फुल्या. वाचणाऱ्याला त्या कधीच दिसत नसत. त्या एकाच माणसासाठी असत, आणि तो माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

कॉमिकच्या धंद्यात चित्र दोन हातांतून जाते. एक हात पेन्सिलीने माणसे उभी करतो. दुसरा त्यांच्यावर शाई चढवतो, कारण छापखान्याला पेन्सिलीचा करडा रंग कळत नाही, त्याला काळे आणि पांढरे एवढेच ठाऊक. शाई वाळली की पानभर खोडरबर फिरवायचा आणि पहिला हात पुसून टाकायचा. इथे हे दोन्ही हात एकाच आईच्या पोटचे होते. नवख्या माणसाशी ओळख करून देताना ताई म्हणे, “हा माझा धाकटा. मी चित्रं काढते, हा त्यांना काळं फासतो.” त्यावर तो म्हणे, “आणि काळं फासल्याशिवाय हिची चित्रं कुणी दारात उभी करत नाही.” हा विनोद इतका झिजला होता की दोघांपैकी एकाने अर्धा बोलावा आणि दुसऱ्याने तो पुरा न करता नुसती मान हलवावी.

गेली काही वर्षे दोघे ‘कंदीलवाली’चे अंक करत होते. ‘कंदीलवाली’ ही मुळात टीव्हीवरची मालिका. एक बाई, स्वतः केव्हाच मेलेली, हातात कंदील घेऊन नुकत्या मेलेल्यांच्या दारी येते आणि ज्यांचा पाय घरातून निघत नाही त्यांना समजावून पुढच्या वाटेला लावते. लोक ती मालिका दिवे न मालवता पाहत, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत तिची टिंगल करत. तिच्यावरून कॉमिक काढायचे ठरले तेव्हा संपादकांनी ताईला बोलावले, कारण ताईला रिकाम्या खोल्या काढता येत. माणूस नुकताच उठून गेलेली खुर्ची तिने काढली की ती खुर्ची वाट पाहते आहे असे वाटे.

पाने आधी वाहिनीकडे मंजुरीला जात. तिथे या कामावर नेमलेल्या बाईंना दोघे आपसात ‘मंजुरीबाई’ म्हणत. मंजुरीबाईंचे नियम कडक होते. कंदील कायम डाव्या हातात. मेलेल्यांच्या श्वासाची वाफ दिसायची नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, ज्याच्यावर अख्खी मालिका उभी होती: मेलेल्यांना सावली नाही. कंदिलाच्या उजेडात खुर्चीची सावली पडेल, कठड्याची पडेल, झोपलेल्या मांजराची पडेल. कंदील धरणारीची पडणार नाही.

शाई भरणाऱ्या हाताला हे जड जाते. पायाखाली काळे नसेल तर चित्रातला माणूस जमिनीवर उभा राहत नाही, तरंगतो. म्हणून हात न विचारता तिथे वळतो. तिसऱ्या अंकात धाकट्याचा हात असाच वळला आणि कंदीलवालीच्या टाचांना चांगली लांब सावली फुटली. ताईने पान पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, “जिवंत केलंस की रे बाईला. आता हिला जेवायलाही वाढावं लागेल.” त्याने ब्लेडने शाई खरवडली, वर पांढरा रंग दिला. त्या दिवसापासून ताई कंदीलवालीच्या पायांशी एक बारीक गोळा काढू लागली. फुली म्हणजे भर. गोळा म्हणजे हात लावू नकोस. पानापानावर दोघांचा फुली-गोळ्याचा डाव चाले. गोळे खोडरबराखाली जात, फुल्या शाईखाली बुडत, आणि डाव कुणी जिंकला हे विचारायचे कुणाला कारण पडत नसे.

ताईच्या डोक्यात गाठ निघाली त्याच सुमारास मालिका संपवण्याचे ठरले. शेवटच्या भागाबरोबर शेवटचा अंक बाजारात यायचा होता. डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगून झाल्यावर ताईने पहिली चौकशी केली ती अंकाची, आणि भावोजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मुकाट्याने तिच्या पलंगावर आडवा बसेल असा एक उतरता फळा करवून आणला. भावोजींचे खाली चष्म्याचे दुकान, वर दोन खोल्यांचे घर. भिंगे घासण्यात त्यांची हयात गेलेली. फळ्याच्या कडेला त्यांनी वाकत्या दांडीवर एक मोठे भिंग बसवले. त्यातून पाहताना ताईचा डोळा समोरून एवढा मोठा दिसे की धाकट्याला हसू आवरत नसे. तीही हसे. पुढे ती कमी बोलू लागली, आणि मग भावोजी जिन्याच्या पायथ्याशीच अडवू लागले: झोपली आहे, आज नको. धाकट्याला ते खुपले. बहिणीच्या घरी पाय ठेवायला मेव्हण्याची परवानगी लागावी, म्हणजे हे मंजुरीबाईंच्याही वरताण झाले, असे तो एकदा संपादकांपाशी बोलूनही गेला.

मग ती गेली.

पुढच्या आठवड्यात भावोजी पाने घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली. “ही तुझी,” एवढेच म्हणाले. बसले नाहीत. जाताना दाराशी थबकून त्यांनी धाकट्याच्या चष्म्याची सैल झालेली दांडी बोटाने हलवून पाहिली, दुकानात ये म्हणाले, आणि निघून गेले.

संपादक दम्याचे आणि तिरकस बोलण्याचे जुने धनी होते. पण त्या दिवशी फोनवर त्यांना एकही तिरका शब्द सापडला नाही. नको वाटत असेल तर काम दुसऱ्या कुणाला देतो, असे म्हणाले. नाहीतर असे कर: काचेखाली दिवा लाव, मूळ पानावर कोरा कागद ठेव, रेषा त्याच्यावर उतरवून घे आणि तिथे शाई भर. म्हणजे तिची पेन्सिल तुझ्यापाशी राहील, पुसायचे संकट नाही. धाकट्याने तसे करून पाहिले. दिव्याच्या उजेडात ताईच्या रेषा कोऱ्या कागदाखाली जागच्या जागी दिसत होत्या, पण त्याने काढलेली रेषा मेलेली निघाली. ताई पेन्सिल दाबून धरत असे. तिची रेषा कागदात चर पाडून जाई, आणि टाकाचे टोक त्या चरीत पडले की पाटातून पाणी जावे तशी शाई आपल्या वाटेने जाई. कोऱ्या कागदाला चर नव्हती. इतकी वर्षे आपला हात ज्याला कसब म्हणत आला ते निम्मे दुसऱ्याने खणून ठेवलेले होते, हे त्याला त्या दुपारी कळले. त्याने तो कागद फाडला.

तो मूळ पानांवर बसला. सकाळी शाई, दुपारी वाळवण, संध्याकाळी खोडरबर. खोडरबर ही त्या दिवसांतली सर्वांत निर्दय वस्तू होती: मऊ, पांढरी, तान्ह्या मुलाच्या टाचेसारखी. तिच्याखाली ताईची पहिली चाचपणारी रेषा जाई, मग दुसरी, मग चेहऱ्याच्या मध्यातून ओढलेला तो उभा आधार, ज्याच्यावर डोळे तोलले जात. माणूस एकदाच मरतो म्हणतात; पानांवर मरण रोज संध्याकाळी येत होते, आणि ते आणणारा हात त्याचा स्वतःचा होता. खोडरबराचे करडे कण तो पूर्वी फुंकरीने उडवून देई. आता फुंकर घालवेना. एकदा त्याने ते शाईच्या रिकाम्या दौतीत भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटून दौत केरात टाकली.

पाने नेहमीसारखी नव्हती. एका चौकटीत कंदील उजव्या हातात गेला होता. एका म्हाताऱ्याच्या पंजाला एक बोट जास्त होते. एका दाराला बिजागरीच्याही बाजूला कडी होती. धाकट्याने हे सगळे न बोलता सुधारले. शाई भरणाऱ्याचे ते कामच. पहिल्या हाताची चूक दुसऱ्याने अशी सावरायची की पहिल्यालाही पत्ता लागू नये. ताईला मात्र नेहमी लागे. “या खेपेला माझं काय काय गिळलंस?” असे ती छापील अंक चाळताना विचारी. आता विचारणारे कुणी उरले नव्हते आणि गिळलेले घशाशी येत होते.

असे करत तो शेवटच्या पानापाशी आला. पानभर एकच चौकट. वरून खाली जाणारा एक अरुंद जिना, भिंतीला ओल. कथेप्रमाणे कंदीलवालीचे काम आता संपले आहे. कंदील पुढच्या कुणासाठी तरी वरच्या पायरीवर ठेवून ती रिकाम्या हातांनी उतरून जाते. ताईने ती पाठमोरी काढली होती: एक तळवा भिंतीला टेकलेला, एक पाऊल पुढच्या पायरीवर जपून ठेवलेले. आणि तिच्या टाचांपासून निघून, पायरी-पायरीवर मोडत, चौकटीच्या तळापर्यंत उतरलेली एक लांब सावली. पायांशी गोळा नव्हता. सावलीच्या आत फुल्या होत्या, एकीखाली एक, दाबून काढलेल्या.

धाकटा ते पान हातात धरून बसून राहिला. टाक शाईत बुडवलेला होता. त्याच्या टोकावरचा थेंब वाळून गेला.

त्याला वाटले, कळले. इतर पानांवरच्या चुका वेगळ्या, हे वेगळे. मरणाच्या दाराशी बसलेल्या बाईने, ज्या नियमावर सारे उभे होते तो नियम शेवटच्या पानावर मोडला होता आणि मेलेलीला सावली दिली होती. जाणारा सगळाच्या सगळा जात नाही, त्याचे काही पायऱ्यांवर सांडून राहते, असे काहीतरी ती सांगत होती. आणि सांगत होती त्यालाच. फुल्या दुसऱ्या कुणासाठी नसत. शेवटच्या दिवसांत तिने त्याच्यासाठी एक शब्दही मागे ठेवला नव्हता. हा तो शब्द. तो जसाच्या तसा छापून आला पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्याला आता या जगाकडून हवी होती.

त्याने संपादकांना सांगितले, संपादकांनी मंजुरीबाईंना बोलावून घेतले.

संपादकांच्या खोलीच्या खिडकीतून बसगाड्या दुरुस्त करायचा कारखाना दिसे. बोलता बोलता पत्र्यावर घण पडे आणि सगळ्यांना मधेच थांबावे लागे. मंजुरीबाई प्रत्यक्षात आपल्या नियमांच्या मानाने फारच थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी पान टेबलावर सरळ केले, बराच वेळ पाहिले, पर्समधून रुमाल काढला आणि तो नुसताच हातात धरून ठेवला. मग म्हणाल्या की चित्र फार सुंदर आहे आणि असे छापता येणार नाही. मालिकेच्या शेवटच्या भागात कंदीलवाली सावलीविनाच जाते. कॉमिकमध्ये सावली पडली तर लोक म्हणतील, बाई मेलेलीच नव्हती, इतकी वर्षे आम्हाला बनवलेत.

धाकटा म्हणाला की सावली मुद्दाम काढलेली आहे. इतके अंक गोळा काढत आलेली बाई चुकून फुल्या काढत नाही.

“हे तुम्हाला ताईंनी सांगितलं?” मंजुरीबाईंनी विचारले.

“सांगायलाच हवं असं नाही.”

“मला हवं,” त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. “मुद्दाम असेल तर मी वर जाऊन भांडते. मालिकेचे लेखक ताईंना मानतात, शेवटचं पान म्हणून ऐकतीलही. पण चुकीसाठी मला नाही भांडता येणार. तुम्ही एवढंच म्हणा, की हे त्यांच्या मनात होतं. मी तुमच्या शब्दावर जाते.”

संपादकांनी खोकल्याच्या आडून धाकट्याकडे पाहिले. हो म्हण आणि मोकळा हो, असे ते डोळे उघड म्हणत होते. धाकट्याने तोंड उघडले. तेवढ्यात बाहेर घण पडला, आणि तो आवाज विरेपर्यंत जी फट राहिली तिच्यात त्याच्या तोंडून भलतेच निघाले: भावोजींना विचारून सांगतो. असे का म्हणालो ते जिना उतरताना त्याचे त्याला उमगले नाही. बहुधा त्याला नुसता होकार नको होता, साक्षीदार हवा होता.

दुपारचे दुकान बंद होते. कपाटांच्या काचांमागे भिंगे न बसवलेल्या फ्रेमा ओळीने मांडलेल्या, कुणाकडेच न पाहणाऱ्या. भावोजींनी मागचे दार उघडले आणि दोघे वर निघाले. जिन्यात भरदिवसाही अंधारच असे. अर्ध्यावर धाकट्याचा हात सवयीने भिंतीला गेला आणि बोटांना ओल लागली. तो थांबला. गेली कित्येक वर्षे तो हा जिना चढत होता, आणि कागदावर त्याने तो ओळखला नव्हता.

पलंग भिंतीला लावून ठेवला होता. उतरता फळा खिडकीखाली उभा, त्याच्यावरचे भिंग फडक्याने झाकलेले. भावोजींनी चहा टाकला, पान खिडकीशी नेऊन पाहिले, छान आहे म्हणाले, आणि ते पालथे ठेवून साखर किती हा प्रश्न विचारला, जो ते पूर्वी कधी विचारत नसत. धाकट्याने संपादकांच्या खोलीत जे झाले ते सगळे सांगितले. मग म्हणाला, “तिने काहीतरी म्हटलं असेल ना भावोजी. सावली का काढते आहे, ते.”

भावोजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. चष्मेवाला फार वेळ चष्मा पुसू लागला की समजावे, त्याला काही पाहायचे नाही.

“मी तुला वर येऊ देत नव्हतो,” ते म्हणाले. “राग आला असेल तुला.”

“आला होता.”

“तिला आठवत नव्हतं रे.”

मग ते थांबत थांबत सांगत गेले. आधी वार गेले, मग माणसांची नावे, मग वस्तूंची. ‘ते दे, टोकाचं’ म्हणून ती पेन्सिल मागे. पेन्सिल हातात आली की मात्र हात आपला रस्ता शोधून काढी. भावोजी पटकथेतले एक-एक वाक्य वाचून दाखवत आणि ती काढत जाई. चुकते आहे हे त्यांनाही दिसे, पण तो धाकटा सावरेल म्हणून ते गप्प राहत. शेवटच्या पानापाशी ती अडली. विचारू लागली, ही बाई कोण. तुझीच ती, कंदीलवाली, ते म्हणाले. कोण कंदीलवाली? भावोजी समजावायला बसले आणि मधेच थांबले, कारण पुढचे वाक्य ‘ती मेलेली आहे’ हे होते. त्या खोलीत, त्या पलंगाशी, तो शब्द त्यांना उच्चारता येईना. म्हणून त्यांनी सांगितले: एक बाई आहे. दिवसभराचं काम आटोपलंय. आता घरी निघालीये.

“तर म्हणाली, ‘एवढ्या अंधारात? आणि दिवा वरच ठेवून? पडेल की ती.’” भावोजी पालथ्या पानाकडे पाहत बोलत होते. “मला जिन्यात उभं केलं. मागे दिवा ठेवायला लावला, दार सताड उघडं, आणि पलंगावरून बघत बसली. माझी सावली पडली खाली पायऱ्यांवर. तिला दिसलं ते तिने काढलं. आणि सारखी मला सांगत होती, पाय जपून टाक, पाय जपून टाक.” त्यांनी पानाची कड बोटाने सरळ केली. “माझी सावली आहे ती. तिच्या मनात काही नव्हतं. हे तुला कधीच सांगणार नव्हतो मी.”

चहावर साय धरली होती. धाकट्याने ती बोटाने बाजूला केली आणि कप तसाच ठेवला. ज्या शब्दाच्या आधाराने तो इतके दिवस उभा होता तो शब्द नव्हताच; एका चष्मेवाल्याला एक वाक्य बोलवले नव्हते, आणि त्या न बोललेल्या जागेत ही सावली पडली होती. आता विचारण्यासारखे एकच उरले होते, आणि ते विचारायचे धैर्य त्याला होत नव्हते.

“मी आठवत होतो तिला?” अखेर त्याने विचारले.

भावोजींनी खोटे बोलायचा प्रयत्न केला असावा; तो त्यांच्या चेहऱ्यावरून येऊन गेला. “नाव नाही,” ते म्हणाले. “पण फुल्या मारून झाल्या तशी पान माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, ‘त्याला म्हणावं, इथे नीट भर. हात आखडू नकोस.’ मी म्हटलं, कुणाला? तर माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच भ्रमिष्ट. ‘काळं फासतो तो,’ म्हणाली.”

धाकट्याला हसू फुटले. ते हसू कुठे संपले आणि दुसरे काय सुरू झाले, याच्याकडे दोघांपैकी कुणी पाहिले नाही. भावोजी उठून खाली दुकानात गेले आणि उगाच एक कपाट उघडून पुन्हा बंद केले. त्याचा आवाज वर आला.

दुसऱ्या दिवशी फोनपाशी बसल्यावर त्याला दिसले की गोष्ट एका होकाराची आहे, आणि तो होकार कुणालाही बोचणार नाही. भावोजी कुठे सांगायला जाणार नाहीत. पान छापले जाईल, लोक हळहळतील, म्हणतील, पाहा, मरता मरता बाईने मेलेलीला सावली दिली. ते वाक्य फार देखणे होते. त्याला स्वतःला ते पुरते आवडून गेले होते. फक्त ते ताईचे नव्हते. ताईने कुठल्याही मेलेलीला काही दिले नव्हते. तिने एक जिवंत बाई काढली होती, दमलेली, घरी निघालेली, अंधारात पायऱ्या चाचपणारी, आणि ती पडू नये म्हणून ती काळजीत होती. खोटे बोलून सावली वाचली असती. बाई मात्र पुन्हा मेली असती.

“मुद्दाम नव्हतं,” तो मंजुरीबाईंना म्हणाला. “तिला ती बाई जिवंत वाटली होती.”

मग मंजुरीबाई म्हणाल्या, “मग छापताना ती काढावी लागेल हो.”

“काढा. कागदावर मात्र मी भरणार आहे.”

कागद तुमचा आहे, त्या म्हणाल्या. पानाची प्रत संगणकात आली की सावली तिथे पुसून घेऊ. आणि फोन ठेवता ठेवता, त्यांच्या नियमात न बसणारे असे काहीतरी बोलल्या: सावकाश भरा.

त्याने सकाळच्या उजेडात ब्रश धुऊन घेतला. आधी जिना, मग कठडा, मग भिंतीवरची ओल, मग पाठमोरी बाई. तिचा तळवा, तिची जपून टाकलेली टाच. सगळी रेषा ताईच्या चरीतून गेली. शेवटी सावली. वरच्या पायरीवरच्या फुलीवर ब्रश टेकवला तेव्हा एक क्षणभर करडी फुली ओल्या शाईत चमकली, मग बुडाली. तो एक-एक पायरी उतरत गेला. त्याने हात आखडला नाही. इतके दाट काळे त्याने पूर्वी कधी भरले नव्हते; कागद त्या भाराने किंचित फुगून आला.

संध्याकाळी त्याने खोडरबर घेतला. तो भिंतीवरून गेला, कठड्यावरून गेला, बाईच्या पाठीच्या कण्यातला तो उभा आधार पुसून गेला. पान स्वच्छ होत चालले, परके होत चालले. सावलीच्या काठाशी येऊन हात थांबला. आत जायचे त्याला कारण नव्हते. शाईखालची पेन्सिल खोडरबराला सापडत नाही. हे त्याला हयातभर ठाऊक होते, श्वास ठाऊक असतो तसे. म्हणजे ठाऊक नव्हतेच.

अंक निघाला. शेवटच्या पानावर पायऱ्या स्वच्छ पांढऱ्या होत्या आणि कंदीलवाली त्यांच्यावरून तरंगत गेल्यासारखी दिसत होती, नियमाप्रमाणे. लोकांना पान आवडले. संपादकांनी फोन करून सांगितले की बायकोने ते पाहून जेवण टाकले, आणि इतक्या वर्षांत आपल्या कुठल्याही अंकावर तिने हा उपकार केला नव्हता.

धाकटा छापील अंक आणि मूळ पान दोन्ही घेऊन दुकानात गेला. गिऱ्हाईक नव्हते. भावोजींनी आधी छापील पान पाहिले, बोट पायऱ्यांवरून खाली नेले.

“मला काढून टाकलं वाटतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी मूळ पान घेतले. भिंगावर कुठे ओरखडा आहे का हे पाहायला भिंग जसे धरतात, तसे त्यांनी ते दोन्ही हातांच्या बोटांवर तोलले आणि खिडकीच्या उजेडाला तिरके केले. थोडे इकडे, थोडे तिकडे. काळे काळेच होते. मग एका कोनात आले आणि त्या काळ्याच्या आत काहीतरी हलकेच लकाकले, एकाखाली एक, दाबून काढलेले.

“आहेत,” भावोजी म्हणाले. “आत आहेत.”

त्यांनी पान काचेच्या टेबलावर उभे टेकवून ठेवले, हात पुढे करून धाकट्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, आणि सैल दांडीसाठी डबीत बारीक स्क्रू शोधू लागले. चष्म्यावाचून धाकट्याला जिना दिसत नव्हता, भिंत दिसत नव्हती, बाईही दिसत नव्हती. नुसते काहीतरी काळे, पायरी पायरीने खाली जाणारे, दिसत होते. ते जपून उतरत होते.